पिंपळाला पाजलेल्या पौर्णिमा

धाराशिव जिल्ह्यात झाडं कशानं मरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हानं मरतात, शेळीनं मरतात, रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं मरतात, आणि मोठ्या माणसाच्या हातून लावली गेली तर फोटो निघाल्या निघाल्या मरतात. पण पाणी पिऊन पिऊन मरायला टेकलेलं झाड या जिल्ह्यानं आजवर एकच पाहिलंय, आणि ते माझ्या बायकोचं. हे मी कौतुकानं सांगत नाही. दात-ओठ खात सांगतोय.

मी निवृत्त कंडक्टर. आमची वस्ती बेंबळीच्या अलीकडं. माझा आवाज असा की मी ढोकीच्या स्टँडवर डबल बेल मारून ‘चला’ म्हटलं की शेजारच्या फलाटावरची लातूर गाडी सुटायची आणि तिचा कंडक्टर चहाचा कप घेऊन मागं पळायचा. एवढा आवाज असून या सबंध उन्हाळ्यात माझं एक वाक्य कुणी ऐकलं नाही. ते वाक्य होतं, ‘पाणी घालू नका.’

सुरुवात बोधगयेपासून झाली. वस्तीतली आम्ही गाडीभर माणसं एका बुद्धपौर्णिमेला तिकडं गेलो होतो. तिथलं ऊन पाहून लोक हाय-हाय करत होते. मी म्हटलं, हे कसलं ऊन? आमच्याकडं मे महिन्यात कावळा उडता उडता भाजून पडतो आणि कुत्रं त्याला फुंकर मारून खातं. ते असो. त्या एका गावात सगळ्या दुनियेचे विहार ओळीनं उभे आहेत. थायलंडचा विहार, त्याला लागून भूतानचा, पलीकडं जपानचा, पुढं ब्रह्मदेशाचा. तालुक्याच्या बाजारात दुकानं असावीत तसे देश. आणि सण एकच असून प्रत्येकाची तऱ्हा न्यारी.

श्रीलंकेची माणसं पांढरीशुभ्र, हातात कमळं. नागपूरचा एक दुभाष्या मिळाला होता. त्यानं सांगितलं की त्यांच्याकडं पौर्णिमेला रस्त्यारस्त्यावर मांडव घालून येईल त्याला फुकट जेवू घालतात आणि दारोदारी बांबूचे कंदील लावतात. थायलंडची माणसं मेणबत्ती, उदबत्ती आणि फूल धरून विहाराला तीन फेऱ्या घालतात, आणि त्याही मुकाट. एवढी माणसं एकत्र येऊन मुकाट चालू शकतात यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. कोरियावाल्यांचे कागदी कमळांचे दिवे. एक जपानी म्हातारा म्हणाला, आमच्याकडं तर आठ एप्रिललाच झालं, आम्ही बाळबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततो. माझ्या बायकोनं दुभाष्याला विचारलं, “दुधाचा का बिनदुधाचा?” म्हातारा एवढा हसला की त्याचा चष्मा पडला.

आणि ब्रह्मदेशाच्या बायका. त्या मातीच्या कळश्या घेऊन आल्या आणि बोधिवृक्षाच्या बुडाशी हळूहळू पाणी घालत होत्या. त्यांच्या मुलखात या पौर्णिमेची ही मोठी रीत आहे म्हणे, झाडाला पाणी घालायचं. मी घरी आल्यावर ही गोष्ट वस्तीत सांगितली. मूठभर बायका होत्या, मी मैलभर रांग केली. कळश्या होत्या, मी घागरी केल्या. गोष्टच सांगायची तर हात आखडता कशाला घ्यायचा?

तिथून निघताना बायकोनं एका रोपवाल्याकडून पिंपळाचं रोप घेतलं. हे त्याच झाडाचं पिल्लू, अशी तो शपथ घेत होता. कंडक्टरच्या नोकरीत मी पुष्कळ शपथा ऐकल्यात. पोर पाच वर्षांचंच आहे अशी शपथ घेणाऱ्या बाईच्या पोराला मिशा फुटलेल्या पाहिल्यात. पण बायकोनं ते रोप घेतलं. गयेपासून धाराशिवपर्यंत ते तिच्या मांडीवर बसून आलं आणि मी उभा राहून आलो.

ती सहसा काही मागत नाही. हे एक मागण्याला कारण होतं. तिच्या माहेरी, सास्तूरच्या पलीकडं, गावात पिंपळाला मोठा पार होता. तिचे आजोबा त्या पाराजवळून जाताना चपला हातात घ्यायचे. वडील चपला घालून जायचे, पण बसायचे नाहीत. मग भूकंप झाला, गाव पडलं, पारही गेला, आणि गाव नव्या जागेवर बसलं. “आता कुणी बी कुठं बी बसतंय,” ती म्हणायची, “पर मला आपल्या पारावर बसायचंय. आपल्या झाडाखाली. रविवारी वंदना झाली की घटकाभर.” आमचा विहार म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. मे महिन्यात त्यात वंदनेला बसलेला माणूस शेवटच्या गाथेपर्यंत पापडासारखा भाजून निघतो. सावली पाहिजेच होती. पण तिला सावलीपेक्षा जास्त काही तरी पाहिजे होतं, आणि ते मला समजत होतं.

रोप आमच्या दारात, तेलाच्या कापलेल्या ड्रममध्ये वाढलं. ड्रम बुडाला गंजून फुटका. घातलेलं निम्मं पाणी अंगणात. टँकर दिवसाआड, त्यात ही गळती. बायको ड्रमला रोज शिव्या द्यायची. भांडी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, माझ्या अंघोळीचं पाणी, सगळं त्या पिंपळाला. माझ्या अंघोळीचं पाणी झाडाला बाधू नये म्हणून मी साबण लावायचं सोडून दिलं होतं. दोन उन्हाळ्यांत झाड माझ्या छातीला लागलं.

आता विहार समितीची बैठक ऐका. यंदाच्या पौर्णिमेआधी भरली होती. अध्यक्ष आमचे गुरुजी, शाळेतनं निवृत्त, हातात सदा मोबाइल. ते म्हणाले, “ढोकीच्या वस्तीनं गेल्या साली श्रीलंकेचे कंदील लावले. पेपरात फोटो आला. आपला फोटो कधी आला का?”

मागून कुणी तरी म्हणालं, “आला हुता की, टँकरवर भांडताना.”

हशा झाला. गुरुजी चिडले. “यंदा आपण पण एखाद्या देशाप्रमाणं पौर्णिमा करायची. बोला, कुठला देश?”

“श्रीलंका.”

“ती ढोकीनं घेतली.”

बांधावरनं जमीन वाटून घ्यावी तसे देश वाटून चालले होते.

“मग थायलंड. मेणबत्त्या घिऊन तीन फेऱ्या.”

“या वाऱ्यात? काडी पेटंना, मेणबत्ती कुठली ऱ्हाती? आन मुकाट चालायचं म्हनं. ह्यो कंडक्टर मुकाट चालंल का?”

“जपान!”

गुरुजींनी मोबाइल पाहिला. “आठ एप्रिल होऊन गेला.”

“बरं झालं,” माझी थोरली काकू म्हणाली. ती महिला मंडळाची पुढारी. वयानं मोठी, अंगानं बारीक, आणि जिभेनं मोटारसायकल. “च्या वततात म्हनं मूर्तीवर. मुंग्या कोन काढनार?” मग तिनं माझ्याकडं मान वळवली. “आरं, त्या बरमाच्या बायका झाडाला पानी घालीत हुत्या म्हनलास नव्हं? मैलभर रांग हुती म्हनलास.”

मग सगळ्यांच्या माना एकदम आमच्या दाराकडं, ड्रमकडं वळल्या. ब्रह्मदेश कुणी घेतलेला नव्हता.

ठरलं. पिंपळ विहारापुढं हलवायचा, त्याला पार बांधायचा, आणि पौर्णिमेला बायकांनी मिरवणुकीनं येऊन पाणी घालायचं. मी बायकोकडं पाहिलं. झाड दारातून जाणार म्हणून ती नाराज होईल असं वाटलं होतं. पण ‘पार’ हा शब्द ऐकला आणि ती पदरानं तोंड पुसायला लागली.

पार बांधायला माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. पण त्यानं जन्मभर बांधलं काय? पाण्याचे हौद आणि टाक्या. या जिल्ह्यात दुसरं काही बांधायला सांगतंच कोण? त्यानं बांधलेल्या टाकीतून पाण्याचा थेंब सोडा, आत पडलेली पालसुद्धा बाहेर येत नाही. त्यानं जागा पाहिली, विहाराची भिंत पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“दाजी, पिंपळाची मुळी म्हंजे पहार असती. इथनं चार पावलावर विहाराचा पाया. घुसली म्हंजे?”

एवढं म्हणून त्यानं दोन्ही हात एकमेकांपासून लांब केले. भिंत फाटल्यासारखे. तिथं उभी असलेली चाळिशीच्या पुढची सगळी माणसं भिंतीपासून दोन पावलं मागं सरली. आमच्याकडं पाया हा शब्द हळू आवाजात बोलतात. त्या पहाटे ज्यांनी भिंती पडताना ऐकल्यात त्यांच्यापुढं ‘पायाला धोका’ म्हणालात की ते काहीही मंजूर करतात. गुरुजींनी लगेच मंजूर केलं. पाराच्या बुडाला सळ्या टाकून हातभर जाडीचा कोबा. मुळी खाली जाताच कामा नये.

आणि चारी भिंती? त्यांना आतून गिलावा, गिलाव्यावर पाणी न गळायची पावडर, त्यावर सिमेंटची घोटाई. मेव्हण्यानं आत हात फिरवला आणि छाती फुगवून म्हणाला, “त्या फुटक्या डरमात आक्काचं निम्मं पानी जायाचं. हितनं थेंब जानार न्हाय.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एकजात सगळे शहाणे उभे होतो. कुणी तहसीलला शिपाई, कुणी बँकेत, कुणाच्या रानात ऊस. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण झाडाला पार नाही, हौद बांधलाय. कसं येणार? ज्या मुलखात पाणी जिरतंय, गळतंय, आटतंय, पळतंय, याच काळजीत पिढ्या गेल्या, तिथं पाणी साचून राहिलं तर वाईट असतं, हे कुणाला सुचणार?

आत माती भरली, झाड लावलं. दर्शनी भागावर संगमरवराची पाटी. पाटीवर समितीच्या सगळ्यांची नावं, झाडाचं सोडून. सगळे पांगल्यावर बायको आली. तिनं पाराच्या कडेवरून तळवा फिरवला. इकडं तिकडं पाहिलं, साडी सावरली आणि बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलवत बसली. मी तिकडं पाठ केली. नाही तर मी काही तरी मोठ्यानं बोललो असतो.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. काय सांगू! घरटी एक घागर. त्यासाठी दोन टँकर येऊन गेले तरी माणसांनी अंघोळ केली नव्हती. तमाम वस्ती पांढऱ्या कपड्यांत आणि घामाच्या वासात. सकाळी त्रिशरण, पंचशील, खीर. आणि दिवस कलला तशी मिरवणूक. पुढं निळे आणि पंचरंगी झेंडे, मागं बायका, डोक्यावर घागरी. त्या दिवशी खरंच रांग मैलभर होती, हे मी शपथेवर सांगतो; फार तर विहार ते हातपंप एवढी असेल. एकेक जण येते, वाकते, ओतते. काकूनं दोन घागरी ओतल्या. एक स्वतःची, एक पुण्यात असलेल्या सुनेच्या नावची. नंतर माणसं आली. मग ज्यांच्याकडं भांडं नव्हतं ते बाटल्या घेऊन आले. शेवटी शेवटी पिंपळ गुडघाभर पाण्यात उभा होता आणि उगवतीचा चंद्र त्या पाण्यात पडला होता. लोक म्हणाले, “काय देखणं दिसतंय!” फोटो निघाला. पेपरात आला. ढोकीचे लोक आठवडाभर जेवले नाहीत.

तिथंच सण संपायला पाहिजे होता. बाकी जगात सण संपतात.

चार-आठ दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली. काकू पाराला टेकून उभी. म्हणाली, “आरं, पिवळं पडलंय. पानी कमी पडतंय.”

“काकू, माती ओली दिसतीय.”

“वरनं ओली. आत काय हाय तुला काय दिसतंय? ऊन बघ की!”

आणि एक घागर. संध्याकाळी कुणी दुसरी. पिवळं पान म्हणजे तहान, हे आमच्याकडं माणूस आईच्या पोटातून शिकून येतं. तोवर मीही त्यातलाच; मीसुद्धा अंघोळीची बादली नेऊन ओतली, आणि वर साबण नव्हता म्हणून मिरवलं. जितकं पिवळं, तितकं पाणी. जितकं पाणी, तितकं पिवळं.

मग गुरुजींच्या मोबाइलनं घात केला. एका सकाळी ते ओरडत आले, “आज कोरियात आहे!”

“काय आहे?”

“बुद्धजयंती. त्यांचं पंचांग वेगळं. चौथ्या महिन्याची अष्टमी धरतात.”

“गुरुजी, कोरियात झाडाला पाणी घालत नाहीत. दिवे लावतात.”

“भावना एकच, कंडक्टर. आपण आपल्या रितीनं साजरी करू.”

कोरियाच्या नावानं पुन्हा घागरी. मी डोक्याला हात लावला. पण गुरुजी पुढं म्हणाले ते ऐकून माझे हातपाय गार पडले, आणि मे महिन्यात आमच्याकडं कुणाचं काही गार पडत नसतं. “आणि यंदा अधिक महिन्याचा घोळ आहे. थायलंडची वैशाखी पौर्णिमा आपल्यानंतर महिन्यानं. ती पण घेऊ.”

म्हणजे सण एक, देश अनेक, आणि सगळ्यांचं पाणी आमच्या एका झाडाला! जगात बौद्ध देश किती आहेत ते मी त्या दिवशी पहिल्यांदा चिडून मोजायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पारापाशी गेली. तोवर पानं गळायला लागली होती. तिनं बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. बाहेर काढला तो काळा चिखल. तिनं तो नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला. गटारीचा वास.

“आवं,” ती म्हणाली, “ह्ये तहानलेलं न्हाय. ह्येला आपण बुडवलंय.”

मी तसाच गुरुजींकडं गेलो. म्हटलं, “गुरुजी, पाणी थांबवा. झाड पाण्यानं मरतंय.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “कंडक्टर, धाराशिव जिल्ह्यात झाडाला पाणी जास्त झालं? बाहेर बोलू नका. टँकर बंद करतील.”

“मुळ्या कुजल्यात. वास घेऊन बघा.”

“परवा तुम्ही सांगत होता, तुमच्या आवाजानं लातूरची गाडी सुटायची.”

“सुटायचीच!”

“बरं,” ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइल बघायला लागले.

मेव्हण्याकडं गेलो. म्हटलं, “पाराला बुडाशी एक भोक पाड.”

तो जेवत होता. घास तसाच हातात. “भोक? दाजी, माझ्या कामाला भोक? माझी येक टाकी दावा गळालेली.”

“गळत नाही हेच तर दुखणं आहे!”

“लोक गळतंय म्हून बोंबलतात, तुमी गळत न्हाय म्हून. तुमचं म्हंजे एक एक लई न्यारं.” आणि आपल्या बायकोला हाक मारली, “आगं, दाजीला ताक दे. ऊन लागलंय.”

मग मी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. पहिल्या घावाला छिन्नी वाकली. दुसऱ्याला हातोड्याचा दांडा मोडला. तिसरा घाव अंगठ्यावर. त्या सिमेंटवर ओरखडा उठला नाही. सरकारनं धरणं बांधायला माझ्या मेव्हण्याला बोलवावं, मी मनापासून शिफारस करतो. बादलीनं पाणी उपसून बघितलं, तर मी दुपारी उपसावं आणि संध्याकाळी दोन बायकांनी येऊन भरावं. एकीला म्हटलं, “वहिनी, नका घालू.” तर ती म्हणाली, “तुमचं झाड म्हून आमाला पुण्य न्हाय व्हय?” भांडणही पाण्याचंच, पण उलटं. असलं भांडण मला येत नव्हतं.

थायलंडची पौर्णिमा आली. उन्हं उतरताच बायका पुन्हा घागरी घेऊन विहारापुढं. झाडाला तोवर मोजकी पानं उरलेली, तीही कडेनं काळी. गुरुजी मोबाइल धरून फोटोच्या तयारीत. मेव्हणाही आला होता, आपलं काम गळत नाही हे बघायला.

माझी बायको पाराला पाठ लावून उभी राहिली.

काकू म्हणाली, “सर की बाजूला, सूनबाई. हात अवघडला.”

“न्हाय, काकू.”

“आगं, थायलंडचं पुन्य हाय!”

“थायलंडला ऱ्हाऊ द्या. काकू, माझं झाड मरायलंय.”

“म्हून तर पानी आनलंय!”

बायकोनं काकूकडची मान वळवली. तिनं माझ्याकडं पाहिलं. “आवं, घरनं पहार आणा.”

मी जवळ गेलो. जन्मात कधी हळू बोललो नव्हतो, तेव्हा बोललो. “अगं, पार आहे हा. तुझा.”

“बसून झालं माझं. फोडा.”

मी पहार आणली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यावर पहिला घाव घातला तेव्हा गुरुजी ओरडले, दुसऱ्याला मेव्हणा ओरडला, तिसऱ्याला कोण ओरडलं कळलं नाही, कारण तोवर मीच ओरडत होतो. सगळा उन्हाळा माझ्या घशात साचला होता, तो बाहेर पडत होता. किती घाव घातले विचारू नका. बेंबळीत लोकांना वाटलं पुन्हा भूकंप आला. पाटी आधी तडकली, गुरुजींचं नाव एकीकडं आणि ‘अध्यक्ष’ दुसरीकडं. मग कोपरा उडाला आणि आतून पाणी सुटलं.

काय धार! ब्रह्मदेशाचं, कोरियाचं, वस्तीतल्या प्रत्येक चुलीपुढचं पाणी एकाच भोकातून बाहेर आलं. काळं, कुजकं, वासानं डोळ्यांत पाणी आणणारं. गुरुजींची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. आणि बायकांनी काय केलं? रागानं लाल होऊन माझ्यावर तुटून पडायला निघालेल्या त्या बायका, वाहतं पाणी दिसल्याबरोबर हातातल्या घागरी थायलंडसकट वाटेवर ओतून मोकळ्या झाल्या आणि तीच भांडी धारेखाली धरायला लागल्या. टँकरवर वाढलेले हात ते. घागर भरल्यावर काकूला वास आला. तिनं घागरीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, “मसनात गेलं तुझं ह्ये बरमा.” पण घागर तिनं ओतली नाही. शेळीला चालेल म्हणून घेऊन गेली.

झाड आम्ही दोघांनी उपसून काढलं. मुळ्या काळ्या, बोटानं दाबल्या की साल हातात येत होती. बायकोनं कुजक्या तेवढ्या कात्रीनं काढल्या आणि जे उरलं ते मागच्या अंगणात, त्याच फुटक्या ड्रममध्ये, कोरड्या मातीत लावलं. एक काठी. पान नाही. मला वाटलं, संपलं. तिलाही वाटलं असावं, कारण ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मीही तिच्याशी बोललो नाही, आणि यातलं दुसरं जास्त अवघड होतं.

समितीनं ठराव करून मला विहाराच्या कामातून काढलं. ते चालेल. मेव्हणा आमच्या घरी पाणी पीत नाही. तेही चालेल, पाणी वाचतं. पण संताप कशाचा येतो सांगू? त्यानं पार दुरुस्त केला. पुन्हा गिलावा, पुन्हा पावडर, पुन्हा घोटाई. सांध्यात आता पहिल्यापेक्षा जाड. नवीन पाटी आली. गुरुजी नव्या रोपाच्या शोधात आहेत, आणि पुढच्या साली कुठला देश घ्यायचा याची चर्चा आत्ताच सुरू आहे. मी येता-जाता तो रिकामा पार बघतो आणि माझी बोटं पहारीसाठी वळवळतात. रविवारी वंदना झाली की माणसं त्यावर बसतात. बायको बसत नाही. ती सरळ घरी येते.

परवा सकाळी तिनं मला मागच्या अंगणात बोलावलं. बोट दाखवलं. काठीच्या मधोमध, सालीतून, तांब्यासारखं लाल एक पान बाहेर आलं होतं. करंगळीच्या नखाएवढं, चुरगळलेलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तिनं तळव्यानं ते बंद केलं.

“एक शब्द न्हाय,” ती म्हणाली. “कळलं तर घागरी घिऊन येत्याल. गुरुजी त्येंच्या पारात न्हेऊन लावत्याल. कुनाला म्हंजे कुनाला बी न्हाय.”

माझं दुःख ध्यानात घ्या. आयुष्यभर नसलेलं सांगून लोकांना भंडावून सोडलं, आणि आता असलेलं सांगायची बंदी. पोट फुगलंय माझं. टपरीवर चहा प्यायला जातो, माणसं विचारतात, मी मान हलवून येतो.

आज सकाळी काकू आमच्या दाराशी थांबली. राग उतरला होता.

“काय रं, गेलं का झाड?”

“गेलं, काकू.”

“अरारा. सूनबाईनं मांडीवर आनलं हुतं.” तिनं मान आत घालून पाहिलं. “मागं ठिवलंय व्हय? बघू तर.”

“काय बघायचं त्यात? काठी हाय नुसती.”

“काठी तर काठी. घागरभर पानी घालून बघावं का, शेवटचं?”

“नको, काकू.”

“आरं, घरातनं आनते. कुठं लांबनं आनायचंय?”

मी दारात आडवा उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून. मागून ड्रम फरशीवर ओढल्याचा आवाज आला. बायको ते पान भिंतीकडं फिरवत होती. काकूचे कान अजून शाबूत आहेत. मी मोठ्यानं खोकलो.